सत्त्याहत्तर टक्के

रात्रीचे पावणेबारा. जेल रोडच्या वाचनालयात
मी आणि एक म्हातारा संगणक.
याच्यासाठी तयार पॅकेज येणं बंद झालंय,
कधीपासून ते कोणी कळवलं नाही.
एके दिवशी नुसती ओळ उमटली:
या यंत्रासाठी काही नाही.

गायधनी म्हणाला, भंगारात दे.
नवा घे, एक ओळ टाइप कर, एंटर मार,
चहा यायच्या आत बसतं सगळं.
तो अंबडला कंपनीत आहे,
रोज चाळीस मशीनवर तीच ओळ मारतो
आणि सहाच्या आत घरी असतो.
त्याचं चुकतं असं मला कधी म्हणता आलेलं नाही.

पण वर्गणी महिन्याला तीस रुपये,
आणि अकरा हजार पुस्तकांची यादी या डब्यात.
म्हणून मी सोर्स उतरवून घेतला.

सोर्स म्हणजे नुसता मजकूर हो,
कंस, अर्धविराम, आणि मधेच कुणाचीतरी टीप:
हे का चालतं मला माहीत नाही. हात लावू नका.
तयार पॅकेजात ही टीप येत नाही.
यंत्राला तिचं काय,
पहिल्याच चाळणीत ती गळते.

मग सुरू झालं मानपान.
याला एक लायब्ररी हवी, तिला दुसरी,
दुसरीला तिसरीची जुनी आवृत्ती, नवी चालत नाही;
एका आत्याला आवतण द्यावं
आणि तिच्या जावेच्या भावाने रुसून बसावं तसं.
दीड वाजता सगळे पंगतीला बसले.
टक्के चढू लागले.
टेबलफॅन मी त्याच्याकडे वळवला, घाम मला.
स्टेशनकडे मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटत होते.

वडील प्रेसमध्ये होते. नोटा छापतात त्या.
आयुष्यभर कागद मोजले, रोज गेटवर झडती दिली,
आणि पगाराच्या पाकिटातली प्रत्येक नोट
ट्यूबलाइटसमोर धरून मगच आईकडे दिली.
तुम्हीच छापता ना, मग बघता कशाला?
म्हणाले, म्हणूनच बघतो.

मीही सोर्सचा ठसा ताडून पाहिला होता,
चौसष्ट अक्षरं, खाली पट्टी धरून, ओठ हलवत.
पण हे सगळं दळतोय तो कंपायलर?
तो तर तयारच आलेला.
त्याला दुसऱ्या कंपायलरनं घडवलं, त्याला तिसऱ्यानं,
पार तळाशी कोणीतरी
हाताने आकडे भरत बसलेलं असणार,
त्याचं नाव मी कुठे विचारलं?
गायधनीत आणि माझ्यात फरक एवढाच
की मी विश्वास जरा उशिरा ठेवते.

सत्त्याहत्तरवर थांबलं.
चूक त्याच ओळीत. हात लावू नका, तिथेच.

लावला.
आठाच्या जागी चार घातले
आणि त्या टीपेखाली माझी टीप:
मलाही माहीत नाही. चार केल्यावर
जेल रोडलाही चालतं.

साडेचारला शंभर.
यादी उघडली, पहिलं पुस्तक दिसलं,
मी कुलूप लावून घरी गेले आणि झोपले.

दुपारी गायधनीचा फोन.
देवळाली गावच्या शाळेत असेच तीन म्हातारे पडलेत,
तुझं ते बांधून पाठव ना,
एका ओळीत बसेल असं.
बांधलं. मालगाडी, आत्याबाई, दोन्ही टिपा
बाहेरच राहिल्या; उरलं ते जेमतेम अडीच एमबी.
पाठवते आता, म्हटलं.

थांब, म्हणाला,
आधी ठसा वाचून दाखव.
सावकाश.